तसबिरीचा घोटाळा ते संशयकल्लोळ

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात १९१६ हे वर्ष बहुधा ‘स्वयंवरा’चे वर्ष म्हणून सांगितले जाते, आणि भास्करबुवा बखले यांनी ख्यालगायकीतून उचललेल्या चालींनी त्या नाटकाचे संगीत ज्या उंचीवर नेले ती पाहता हे स्वाभाविकही आहे. परंतु ‘स्वयंवर’ डिसेंबरात रंगमंचावर येण्यापूर्वी, त्याच वर्षी आणि त्याच गंधर्व नाटक मंडळीने, एक जुने गद्य नाटक पदांचा साज चढवून रसिकांपुढे ठेवले होते. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संशयकल्लोळ’ ते हेच. त्यात पौराणिक राजे नव्हते, स्वयंवराचा मंडप नव्हता, शौर्याचे प्रसंगही नव्हते. एक संशयी नवरा, त्याच्याइतकीच संशयी बायको, एक उतावळा प्रेमिक, कलावंतिणीच्या घरी वाढलेली एक मुलगी आणि या चौघांच्या हातांतून फिरणारी एक तसबीर एवढ्याच भांडवलावर ते उभे होते. हे भांडवल मूळचे मराठी नव्हते, आणि १९१६ मध्ये ते नवेही नव्हते.

देवलांचा जन्म १८५५ मध्ये सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हरिपूर या गावी झाला. बेळगावच्या शाळेत अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांना गुरू म्हणून लाभले आणि १८८० मध्ये ‘शाकुंतला’ने किर्लोस्करांनी संगीत नाटकाचा पाया घातला, तेव्हा देवल त्यांच्या अगदी निकटच्या वर्तुळात होते. संगीत नाटक म्हणजे गद्य संवाद आणि पदे यांची सांगड असलेले नाटक. त्यात पूर्वीच्या पौराणिक खेळांप्रमाणे सूत्रधाराने मागे उभे राहून सर्वांच्या वतीने गायचे नसते, तर ज्या पात्राच्या मनातील भाव असेल त्यानेच तो गाऊन दाखवायचा असतो. किर्लोस्करांच्या निधनानंतर त्यांच्या मंडळीत तालीम देण्याचे काम देवलांनी वर्षानुवर्षे केले. तालीममास्तर हा त्या काळच्या नाटक कंपनीतील मोठ्या अधिकाराचा माणूस असे. शब्द कोठे तोडायचा, वाक्यातील कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, पदाच्या आधीचे वाक्य कोणत्या सुरात संपवायचे, हे सर्व तो नटाकडून घटवून घेई. देवलांचे लेखन वाचताना हा तालीममास्तर ओळीओळीत जाणवतो, कारण त्यांच्या संवादांत वाचकाचे कौतुक मिळवण्यासाठी घातलेले वाक्य क्वचितच सापडते आणि नटाच्या तोंडात अडखळणारे वाक्य तर सापडतच नाही.

त्यांनी लिहिलेल्या सात नाटकांपैकी ‘शारदा’ हे एकच संपूर्णपणे स्वतंत्र मानले जाते. ‘मृच्छकटिक’ आणि ‘विक्रमोर्वशीय’ संस्कृत नाटकांवरून, ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून, ‘दुर्गा’ टॉमस सदर्न यांच्या इंग्रजी शोकांतिकेवरून आणि ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून आले. यावरून देवलांना स्वतःचे कथानक सुचत नव्हते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. त्या पिढीच्या दृष्टीने रूपांतर म्हणजे भाषांतर नव्हे. परक्या नाटकाची नुसती घडण घेऊन तिच्यात आपल्या समाजातील माणसे, घरे, नाती आणि बोलणे अशा रीतीने बसवायचे, की प्रेक्षकाला सांधा दिसू नये, ही एक वेगळीच कारागिरी होती आणि देवल तिच्यात निष्णात होते.

‘संशयकल्लोळा’च्या कथानकाचे मूळ फ्रान्समध्ये आहे. मोलिएर या नाटककाराने २८ मे १६६० रोजी पॅरिसच्या पती-बूर्बाँ रंगगृहात ‘स्गानारेल’ नावाच्या एकांकी पद्यप्रहसनाचा प्रयोग केला आणि त्यातील संशयी नवऱ्याची भूमिका स्वतःच वठवली. हे प्रहसन इतके चालले, की नव्हिलनेन असे नाव लावणाऱ्या एका गृहस्थाने ते पुन्हापुन्हा पाहून पाठ केले आणि लेखकाच्या परवानगीवाचून छापूनही टाकले. शंभर वर्षांनी, १७६१ च्या उन्हाळ्यात, आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने त्याच कल्पनेवर ‘ऑल इन द राँग’ नावाचे पाच अंकांचे गद्य नाटक रचले. लंडनचे ड्रुरी लेन नाट्यगृह त्या हंगामापुरते मर्फी आणि सॅम्युएल फूट यांनी भाड्याने घेतले होते आणि तेथेच त्याचा पहिला प्रयोग झाला. मोलिएरच्या प्रहसनातील नवरा थोडा भित्रा, थोडा बढाईखोर आणि पुष्कळसा ग्राम्य होता. मर्फीने त्याला प्रतिष्ठित घरातील सर जॉन रेस्टलेस बनवले, त्याच्या पत्नीला त्याच्या तोडीची संशयी केले आणि एका अंकात आटोपणारा गोंधळ पाच अंकांवर पसरवला. देवलांपुढे होते ते मर्फीचे हे इंग्रजी नाटक. १८९३ च्या सुमारास त्यांनी त्यावरून ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक सिद्ध केले.

ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण अवघ्या तीनेक वर्षांपूर्वी, १८९० मध्ये, देवलांनी ‘झुंझारराव’ लिहिले होते. त्या नाटकात जाधवरावाच्या कारस्थानाने एक रुमाल भलत्या हातात जातो, त्या रुमालाच्या पुराव्यावर झुंझाररावाच्या मनात विष कालवले जाते आणि त्याच्या निरपराध पत्नीचा, कमळजेचा, जीव जातो. ‘फाल्गुनरावा’त रुमालाच्या जागी तसबीर आली. पती-पत्नींमधील संशय आणि त्या संशयाला खतपाणी घालणारी एक हातात मावणारी वस्तू, एवढे साम्य दोन्हींत असताना एक नाटक मृत्यूपर्यंत जाते आणि दुसरे हशापर्यंत, याचे कारण एकच आहे: दुसऱ्या नाटकात जाधवराव नाही. कोणीही कोणाचे वाईट चिंतीत नाही, कोणीही कारस्थान रचत नाही, आणि तरीही सर्वांची मने कलुषित होतात. संशयाला बाहेरून कोणी लावलावी करणारा लागतोच असे नाही, हे ‘झुंझारराव’ लिहून झाल्यावरच देवलांना इतक्या स्पष्टपणे दिसले असावे. मर्फीच्या नाटकाकडे त्यांचे लक्ष त्याच सुमारास गेले, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

तसबिरीचा प्रवास जवळून पाहिला तर ही रचना किती घट्ट आहे ते कळते. अश्विनशेठ या तरुणाने आपली तसबीर रेवतीला प्रेमाची खूण म्हणून दिलेली आहे. रस्त्यात रेवतीला भोवळ येते आणि तिथे असलेला फाल्गुनराव, एरवी स्त्रियांविषयी वाईटच बोलणारा, तिला सावरतो; हे दृश्य त्याची बायको कृत्तिका घरातून पाहते आणि नवऱ्याचे पाऊल वाकडे पडले असल्याची तिची खात्री होते. गडबडीत रेवतीजवळची तसबीर खाली पडते व ती कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर निरखत असतानाच फाल्गुनराव तिला पाहतो. आपली बायको एका देखण्या परक्या तरुणाच्या तसबिरीकडे टक लावून पाहत आहे, एवढेच त्याला दिसते आणि तेवढे त्याला पुरते. पुढे तसबीर फाल्गुनरावाकडे जाते आणि आपण रेवतीला दिलेली वस्तू या गृहस्थाजवळ कशी, या प्रश्नाने अश्विनशेठ पेटतो. अशा रीतीने एका भोवळीतून चार माणसांच्या मनांत चार वेगवेगळे संशय उभे राहतात आणि त्यांपैकी एकही संशय निव्वळ मूर्खपणाचा नसतो. प्रत्येकाजवळ डोळ्यांनी पाहिलेला पुरावा असतो. प्रेक्षकाला मात्र सर्व बाजू ठाऊक असतात. प्रहसनातील पात्रांना प्रेक्षकापेक्षा कमी कळत असेल तर हसू येते, हे तत्त्व सर्वपरिचित आहे. पण येथे त्या पात्रांच्या जागी आपण असतो तर आपणही हाच अर्थ लावला असता, अशी प्रेक्षकाची कबुली त्या हसण्यात मिसळलेली असते आणि म्हणूनच त्याला चिरपरिचिताची गोडी येते.

‘तसबीर’ हा शब्दही येथे कामाला आला. मोलिएर आणि मर्फी यांच्या काळात प्रियकराचे चित्र म्हणजे चितेऱ्याने रंगवलेली, मुठीत मावणारी लहानशी प्रतिमा असे. देवलांच्या काळात मुंबई-पुण्यात छायाचित्रकारांची दुकाने निघाली होती, आणि रंगवलेले चित्र असो वा छायाचित्र, मराठी माणूस दोहोंना तसबीरच म्हणत असे. त्यामुळे परदेशी नाटकातील दरबारी वळणाची ही वस्तू मराठी प्रेक्षकाला मुळीच परकी वाटली नाही.

देवलांनी केलेला सर्वांत मोठा बदल मात्र नायिकेच्या बाबतीत होता, आणि त्याचे कारण वाङ्मयीन नसून सामाजिक होते. मर्फीची नायिका बेलिंडा ही प्रतिष्ठित गृहस्थाची उपवर मुलगी आहे. ती आपल्या पसंतीच्या तरुणाला भेटते, त्याच्याशी भांडते, रुसते आणि शेवटी त्याच्याशी लग्न करते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या महाराष्ट्रात पांढरपेशा घरातील मुलीचे लग्न दहा-बारा वर्षांच्या वयात उरकले जात असे. पतिपत्नींच्या सहवासासाठी मुलीच्या वयाची मर्यादा बारा वर्षांपर्यंत नेणारा संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला, तेव्हा त्याविरुद्ध केवढे वादळ उठले हे प्रसिद्धच आहे. अशा समाजात प्रौढ अविवाहित कुलीन मुलगी आणि तिचा प्रियकर रंगमंचावर दाखवायचे, तर ते केवळ धाडसाचे नव्हे, अशक्यप्राय होते. देवलांनी रेवतीला कलावंतिणीच्या, म्हणजे गाणे-बजावणे हा व्यवसाय असणाऱ्या गणिकेच्या घरात जन्माला घातले. तेथे प्रौढ मुलगी घरी असू शकत होती, परक्या पुरुषाची तिची ओळख असू शकत होती आणि तिच्या गाण्याला वेगळे निमित्त शोधावे लागत नव्हते. ही युक्ती त्यांना ‘मृच्छकटिका’तील वसंतसेनेने शिकवली असणार. परंतु या सोयीतून एक अनपेक्षित खोलीही आली: अश्विनशेठचा संशय हा केवळ प्रियकराचा मत्सर उरला नाही, तर कलावंतिणीच्या मुलीवर विश्वास कितपत ठेवावा या समाजाच्या जुन्या प्रश्नाची छाया त्यावर पडली. रेवतीला आपले प्रेम तर सिद्ध करायचे आहेच, त्याबरोबर आपली जातकुळी म्हणजे आपला स्वभाव नव्हे हेही सिद्ध करायचे आहे. विनोदी नाटकाच्या ओघात देवल त्यावर भाषण करीत बसत नाहीत. पण तिच्या तोंडची पदे ऐकताना प्रेक्षकांतील हशा थोडा वेळ थांबतो तो यामुळेच.

पात्रांची नावे हा या नाटकातला आणखी एक खोडकर भाग आहे. पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे आहेत: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, फाल्गुनरावाचा नोकर भादव्या, आणि दुसरीकडे कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. ही नावे उगाच वाटलेली दिसत नाहीत. फाल्गुन म्हणजे शिमग्याचा महिना, आणि त्या नाटकात शिमगा कोणाच्या घरी चालला आहे ते सांगायला नको. चांद्रमासांची नावे नक्षत्रांवरून पडली आहेत. फाल्गुन मासाचे नाते फल्गुनी नक्षत्रांशी आणि कृत्तिकेचे कार्तिकाशी, तेव्हा या नवरा-बायकोचे पंचांगातही जुळत नाही. उलट रेवती हे सत्तावीस नक्षत्रांतील शेवटचे आणि अश्विनी पहिले, म्हणजे चक्र पुरे झाल्यावर ती दोघे शेजारी येतात. देवलांच्या मनात हे सर्व होतेच असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण पंचांग घरोघरी असण्याच्या त्या काळात ही गंमत निदान काही प्रेक्षकांना तरी उमगली असेल.

गद्य ‘फाल्गुनराव’ आणि संगीत ‘संशयकल्लोळ’ यांच्यामध्ये दोन तपे उलटली. त्या अवधीत संगीत रंगभूमीची चव पार बदलली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या नाटकांनी कोटिबाज संवाद आणि पारशी रंगभूमीच्या वळणाच्या ठसकेबाज चाली आणल्या. १९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमाना’ने आणि गोविंदराव टेंबे यांच्या चालींनी गाण्याचे पारडे अधिकच जड केले. १९१३ च्या जुलैमध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली, तेव्हा या नव्या कंपनीजवळ स्त्रीभूमिकेत गाणारा अद्वितीय नट होता आणि त्याच्या जोडीला गद्य अभिनयात हातखंडा असलेला बोडसांसारखा नट होता. दोघांनाही सारखाच वाव देणारे नाटक हवे असेल, तर देवलांच्या जुन्या वहीइतके योग्य काही सापडणे कठीण होते. देवलांनी आपल्या गद्य नाटकात पदे घातली, नाव बदलले, आणि ते रंगमंचावर येण्याआधीच १४ जून १९१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच नाटकाचा पहिला प्रयोग झाला.

बालगंधर्वांनी रेवती केली आणि बोडसांनी फाल्गुनराव. बालगंधर्वांच्या रेवतीविषयी जे लिहिले गेले आहे ते बहुतेक गाण्याविषयी आहे. परंतु या नाटकाच्या यशाचा कणा फाल्गुनराव हाच होता. बोडसांची ख्याती स्वाभाविक अभिनयाची, म्हणजे हातवारे आणि आरडाओरडा टाळून रोजच्या बोलण्याच्या सुरात भूमिका करण्याची होती. फाल्गुनराव हा विदूषक नाही. तो स्वतःला अतिशय सावध, चतुर आणि फसवला गेलेला सद्गृहस्थ समजतो, आणि नटाने तसेच समजून काम केले तरच प्रेक्षक हसतो. तो हास्यास्पद आहे हे नटाने एकदा जरी दाखवले, तरी भूमिका कोसळते. तीन वर्षांनी याच बोडसांनी ‘एकच प्याला’त सुधाकर उभा केला, ही गोष्ट फाल्गुनरावाच्या संदर्भात आठवावी: संशयाने आंधळा झालेला आणि दारूने आंधळा झालेला, असे हे दोन नवरे एकाच नटाच्या संयमावर उभे राहिले.

संगीताच्या बाजूनेही देवलांची पद्धत वेगळी होती. त्यांची पदे संवादाच्या ओघातून निघतात आणि त्याच ओघात परत मिसळतात. पद गाळले तर अर्थाचा दुवा तुटत नाही, पण भावाचा एक पदर कमी होतो. अश्विनशेठचे पहिल्या अंकातील दरबारी कानड्यातले पद याचा चांगला नमुना आहे: प्रेमात पडलेल्या तरुणाला एवढा गंभीर राग देणे वरवर विजोड वाटते, परंतु पुढे त्याच्या हातून होणाऱ्या उतावळेपणाला या गांभीर्यामुळेच धार येते. हीच पदे पुढे गायकनटांना मोहवीत राहिली आणि अश्विनशेठ ही भूमिका रेवतीइतकीच गायकांची झाली. छोटा गंधर्वांनी ती गाजवली, आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचा काळ आल्यावर रेवतीही पुरुषनटाच्या हातून गायिकांच्या हाती आली. ‘वन्स मोअर’च्या त्या जमान्यात एकेक पद दोन-तीनदा गायले जाई, त्यामुळे रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेकडे झुकत असे, आणि तेवढा वेळ तसबीर ज्याच्या हातात असेल तो नट ती सांभाळत उभा राही. गाण्याने विनोद खोळंबतो, ही तक्रार या नाटकाबाबत वेळोवेळी झाली आहे, आणि ती अगदीच निराधार नाही.

मधल्या काळात, बोलपटांनी नाटक कंपन्यांचे कंबरडे मोडल्यावर, अनेक गाजलेली संगीत नाटके केवळ पदांच्या ध्वनिमुद्रिकांपुरती उरली. ‘संशयकल्लोळ’ त्यांत गेले नाही. हौशी संस्था, नाट्यमहोत्सव आणि व्यावसायिक निर्माते त्याकडे पुन्हापुन्हा वळत राहिले. २०१३ मध्ये निपुण धर्माधिकारी यांच्या दिग्दर्शनाखाली राहुल देशपांडे यांनी अश्विनशेठ आणि प्रशांत दामले यांनी फाल्गुनराव रंगवला, तेव्हा संगीत नाटक पूर्वी कधी न पाहिलेला तरुण प्रेक्षकही नाट्यगृहात येऊन हसला. दरम्यान नाटकाचे नाव भाषेत रुजले होते. कल्लोळ म्हणजे लाट. संशयाच्या लाटांवर लाटा, असा मूळ समास आज वर्तमानपत्रांचे मथळे राजकीय युतीपासून परीक्षेच्या निकालापर्यंत कशालाही लावतात, आणि तो एका नाटकाचा मथळा होता हे न सांगताही तो वाचकाला कळतो.

आजचा प्रयोग तीन तासांत संपवावा लागतो, आणि त्यासाठी कात्री लावायची ती पदांनाच लावावी लागते. काही पदे गळतात, काहींचे एकच कडवे उरते. तसबिरीच्या प्रसंगांतील एक दुवा गाळला तर मात्र पुढचे सारेच अडते. १९१६ मधील भर अशी थोडीथोडी कमी होत जाते, आणि जे उरते ते १८९३ चे गद्य ‘फाल्गुनराव’ आहे.